चोळीबांगडीचा हिरडा

मला एका जागी बसवत नाही, ही लहानपणापासूनची खोड. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी बांधलीय. त्यामुळे वैशाखातल्या त्या गुरुवारी मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दोन तास खुर्चीला चिकटून बसले, तेव्हाच शेजारच्या सुलाबाईनं ओळखायला पाहिजे होतं की मंदा डामसेचं काहीतरी बिनसलंय. पण सुलाबाई भिंतीकडं बघत होती. सगळेच भिंतीकडं बघत होते.

भिंतीवर आमच्या गावाचा, कोंढऱ्याचा, नकाशा पडला होता. एक हिरडा म्हणजे एक ठिपका. माझ्या राखणीत बेचाळीस झाडं. त्यातले एकेचाळीस ठिपके तांबडे, म्हणजे झाडं वाळायला लागलेली. एकच ठिपका हिरवागार होता. सत्तावीस नंबर.

"हे बघा," भावसार मॅडम म्हणाल्या. डॉक्टर नीलाक्षी भावसार, पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या, वय असेल पस्तीस, डोंगर आमच्याबरोबरीनं चढणाऱ्या. "मात्रा बेचाळीस झाडांना सारखीच दिली. मात्रेनं झाडं वाळत असती तर सत्तावीस नंबरही वाळला असता. तो ठणठणीत आहे. म्हणजे दोष मात्रेचा नाही, गेल्या वर्षीच्या पावसाचा आहे. सोमवारपासून बाकीच्या चाळीस गावांना मात्रा द्यायला हरकत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. सत्तावीस नंबरला मात्रा दिलीच नव्हती. द्यायची होती मी, दिली नाही मी, आणि दिली म्हणून बटण दाबलं तेही मीच. तीन वर्षं, तीनदा.

हे असं का झालं ते नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मुळातच लबाड.

भीमाशंकरच्या डोंगराच्या अंगाला आमची गावं. शेती म्हणजे भाताची चार खाचरं. खरा आधार हिरड्याचा. चैत्रात कोवळा बाळहिरडा झोडायचा, अंगणात वाळवून काळा करायचा, औषधवाल्यांना घालायचा. आजा-पणजापासून हेच. आणि आजा-पणजापासून या झाडाचा एक वैरीही आम्हाला ठाऊक आहे, भुईकणीस. फाल्गुन-चैत्रात हिरड्याच्या बुंध्याशी पाचोळ्यातून सोललेल्या मक्याच्या कणसासारखं पिवळट काहीतरी वर येतं. त्याला ना पान ना हिरवा रंग. फूल आहे असं सांगितलं तरी खरं वाटू नये. ते खाली हिरड्याच्या मुळाला तोंड लावून बसलेलं असतं आणि झाडानं केलेली साखर आयती ओढतं. दिसलं की कुदळीनं उडवायचं, असं आम्ही शिकलो. पण उन्हाळे लांबत गेले तशी ही कणसं वाढत गेली. एकेका झाडाखाली पन्नास-पन्नास. कुदळी थकल्या.

मग दोन हजार एकेचाळीस साली मॅडम आल्या, काठी घेऊन. काठी म्हणजे दिसायला धनगराची, पण टोकाला सुई आणि मुठीत पडदा. मुळात खुपसली की मुळाचा रस वाचते, मात्रा टोचते आणि नोंद करते. माझ्या अंगणात बसून मॅडमनी समजावलं होतं.

"मंदाताई, झाडाला भूक लागली की मूळ मातीत एक रस सोडतं. ती त्याची हाक. मातीत बुरशी असते, केसाहून बारीक धाग्यांची. ती हाकेसरशी येते, मुळाला चिकटते, मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी आणि खनिजं आणून देते. बदल्यात साखर घेते. हा सौदा कोट्यवधी वर्षांचा आहे. आता भुईकणसाचं बी धुळीएवढं. दहा-दहा वर्षं मातीत पडून राहतं. ते हीच हाक चोरून ऐकतं, आणि ऐकली की मुळावर येऊन बसतं."

"मग हाकच बंद केली तर?"

"तेच करतोय. हाकेचा रस बनवायचा हुकूम झाडाच्या पेशीत लिहिलेला असतो. मात्रा तो हुकूम वर्षभर झाकून ठेवते. झाड गप्प. भुईकणसाला ऐकूच येणार नाही."

"आणि बुरशी? तिला तरी कसं ऐकू येणार?"

"जी चिकटलीय ती राहीलच की. एकदा जुळल्यावर रोज हाक कशाला लागते?"

मला ते पटलं. लग्न झालेली बाई आहे मी.

मात्रेनं कामही केलं. पहिल्याच वर्षी कणसं निम्मी झाली, दुसऱ्या वर्षी बोटावर मोजण्याएवढी. हिरडा असा लगडला की फांद्या वाकल्या. मला गावाची काठीवाली म्हणून मान मिळाला, पगार मिळाला, शेजारच्या गावच्या बाया शिकायला यायला लागल्या. मी कशाला खोटं सांगू, मला ते आवडत होतं.

आता सत्तावीस नंबरचं. आमच्यात लेक सासरी जाताना तिला एक हिरडा चोळीबांगडीला देतात. जमीन भावाची, झाड बहिणीचं. दर चैत्रात ती माहेरी येणार आणि आपलं झाड आपण झोडणार. ती नसताना त्या झाडाची फांदी तोडायची नाही, मुळाशी कुदळ मारायची नाही. मारली तर बहिणीचा हात तोडला असं धरतात. सत्तावीस नंबर माझ्या थोरल्या नणंदेचा, चिमाबाईंचा. मालक वारले तरी वन्सं येत राहिल्या. यायच्या आणि महिना महिना राहायच्या. आमटीला मीठ कमी, गाईचं दावं सैल, माझं बोलणं तिखट, सगळ्यावर शेरा. दिवसातून चार वेळा चहा. कामाला हात म्हणाल तर त्यांच्या झाडापुरता.

एकेचाळीसच्या चैत्रात, अंगणात हिरडा वाळत असताना, चार बायांदेखत माझा तोल गेला. म्हणाले, "वन्सं, गावात सगळ्यात जास्त भुईकणीस तुमच्या झाडाला, आणि आमच्या घराला तुम्ही. नुसतं बांडगूळ."

वन्सं उठल्या. एरवी एवढं बोलणारी बाई. पिशवी भरली, अर्धवट वाळलेला हिरडा तसाच टाकला आणि दुपारच्या एसटीनं घोडेगावला गेल्या. पुढल्या चैत्रात आल्या नाहीत. त्याच्या पुढल्या दोन्ही चैत्रांतही नाही. लोक म्हणतात आली नाही तर बरंच झालं, पण घर कसं खायला उठायचं ते माझं मला ठाऊक. माझ्या लेकीचं, अर्चनाचं लग्न वन्संनीच जमवलेलं, घोडेगावच्या दवाखान्यात ओळख त्यांचीच. त्यांचं येणं थांबलं तसं तिकडचं कुणीच येईना.

आणि मात्रेच्या दिवशी मी काठी घेऊन त्यांच्या झाडासमोर उभी. मालकीण नाही, तर मुळाला सुई कशी लावायची? एक फोन केला असता तर दोन मिनिटांचं काम. पण फोन मी करायचा? माझा ताठा कुठं जाणार. इकडं काठीचा पडदा अडून बसलेला, बेचाळीस झाल्याशिवाय यादी बंद होत नाही. मी सुई हवेत धरली, बटण दाबलं, मात्रा पाचोळ्यावर सांडली. रूढी पाळली, यादीही पुरी केली. किती हुशार, नाही का.

गुरुवारी हॉलमधून निघाले ती घरी न जाता तडक शिवारात गेले. ऊन डोक्यावर होतं. वाटेत माझीच झाडं. बाळहिरडा सुपारीएवढा व्हायच्या आत सुरकुतून गळत होता, पानं अवेळी पिवळी. दारातला एक नंबर, मालकांच्या आज्यानं लावलेला, त्याची एक बाजू पार करपली होती. मी चालत होते आणि मनात म्हणत होते, असेल, पावसानंच असेल, मॅडम शिकलेल्या आहेत.

सत्तावीसाखाली मात्र गार सावली. मी मोजली, एकोणीस कणसं. त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या, कारण त्या उन्हात जमिनीलगत दुसरं फुललेलं काही नव्हतंच. चार कणसं साळिंदरानं उकरून खाल्ली होती, एक काटा तिथंच पडलेला. मातीला हात लावायचा मला हक्क नव्हता, पण साळिंदरानं उकरलेलं बघायला कुणाची ना आहे? वाकून बघितलं. माती ओलसर, काळी, आणि तिच्यातून पांढरे धागे गेलेले, मुळांना गुंडाळलेले. तसेच दहा पावलं चालून सव्वीस नंबरशी गेले आणि बोटानं उकरलं. चुलीतली राख असावी तशी माती. धागा औषधालाही नाही.

तिथं मला भीती वाटली. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण मोठी भीती सोमवारची. चाळीस गावांतल्या बाया, त्यातल्या कितीतरी माझ्याकडंच शिकलेल्या, माझ्या एका खोट्या ठिपक्यावर विसंबून काठ्या खुपसणार. मी झाडाखाली येरझाऱ्या घातल्या, दोनदा फोन काढला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

"मंदाताई, त्या एका झाडावर माझा अख्खा अहवाल उभा आहे. तुम्हाला कळतंय का काय केलंत?"

"कळलं म्हणून तर फोन केला."

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या. चहा घेतला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. आपल्या काठीनं सत्तावीस तपासला, सव्वीस तपासला, मग आणखी बारा झाडं. शेवटी सत्तावीसाखाली मातीतच बसल्या, चांगल्या कपड्यांसकट.

"हे झाड अजून हाक मारतंय," त्या म्हणाल्या. "बाकीची गप्प आहेत. बुरशीचे धागे म्हाताऱ्या माणसासारखे मरतात, मंदाताई. दर पावसाळ्यात नवे यावे लागतात, आणि ते हाकेशिवाय येत नाहीत. तीन वर्षांत जुने मेले, नवे आलेच नाहीत. बरा पाऊस होता तोवर झाडांनी निभावलं. गेल्या वर्षी पाऊस उणा पडला आणि पाणी आणून देणारं कुणी उरलं नव्हतं. एकदा जुळलेलं टिकेल, हे मी धरून चालले. तपासलं नाही."

"आणि भुईकणीस?"

त्यांनी साळिंदराचा काटा उचलला. "ते चोर आहेच. पण साळिंदर येतं ते त्याच्यासाठी. उकरतं, खातं, पायांना माती आणि पोटात बुरशी घेऊन पुढच्या झाडाखाली जातं. कणसं गेली, साळिंदर गेलं, बुरशीची वाहतूकच बंद झाली. मी फक्त चोर बघितला, त्याच्यामागून कोण येतं ते बघितलं नाही."

मग उठल्या, धूळ झटकली आणि एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारचं काम मी थांबवतेय. माझी चूक मी लिहीन. तुमचीही लिहावी लागेल. काठी परत द्या."

मी दिली. हात रिकामा झाल्यावर कुठं ठेवावा ते कळेना.

"झाडं वाचतील?"

"मात्रेचा असर पावसाळ्यापर्यंत उतरेल. ती पुन्हा हाक मारतील, पण ऐकायला कुणी पाहिजे. घाटाच्या ओल्या अंगाची बुरशी या तापलेल्या कड्यावर तग धरत नाही. याच झाडाखालची माती प्रत्येक झाडाच्या मुळाशी घालायला हवी. पावसाआधी. आजच सुरू करू."

"ही माती माझी नाही."

"म्हणजे?"

"झाड नणंदेचं आहे. तिला विचारल्याशिवाय इथं कुदळ लागत नाही."

"मंदाताई, झाडं मरतायत."

"मरू देत. न विचारता बटण दाबून काय होतं ते बघितलं की आत्ता."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा उतरला. "मग उद्याच जा," म्हणाल्या.

शनिवारी पहिल्या एसटीनं घोडेगावला गेले. वन्सं दारात बसून वाल सोलत होत्या. तीन वर्षांत पार वाळल्या होत्या. मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कुणी नाही अजून."

"मग तू कशी आलीस?"

पाणी दिलं. बस म्हणाल्या, मला बसवेना. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हवेत धरलेली सुई, तीन बटणं, राखेसारखी माती. त्यांचे हात वाल सोलतच होते. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं, "माझं झाड कसंय?"

"हिरवंगार. गावात तेवढंच. खाली एकोणीस कणसं आहेत."

"म्हणजे बांडगूळ कामाला आलं म्हणायचं."

मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. "वन्सं, मी चुकले. बोलले ते चुकले आणि नंतर फोन केला नाही ते त्याहून चुकले. मातीला नाही म्हणालात तरी ऐकून घेईन. पण घरी या."

वन्संनी सूप खाली ठेवलं. "चैत्र लागला की मी पिशवी भरायचे, मंदे. पोरगा म्हणायचा, आई, एका झाडाचा हिरडा तो केवढा, जाऊ दे. अगं, हिरड्यासाठी कोण येतंय? इथं मी कुणाची आई, कुणाची आजी. चिमे म्हणून हाक मारणारं एक गाव होतं, वर्षातला एक महिना. ते तू काढून घेतलंस."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलंही नाही.

मग त्या म्हणाल्या, "माती न्यायची तर कणसं मोडायची नाहीत."

"मोडायचा प्रश्नच नाही, वन्सं. त्यांचं बी धुळीएवढं. मातीबरोबर एकेचाळीस झाडांना जाणार. तीन वर्षं मी जे निपटून काढलं ते आता माझ्याच हातानं पेरायचंय. मॅडम म्हणतात, हिरडा चौथा हिस्सा कमी येईल. कायमचा."

"येईल तर खरा." त्या उठल्या, आत गेल्या आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आल्या. भरलेलीच होती. "चल. माती मी काढणार, माझं झाड आहे. घमेलं तरी धड आहे का, की त्याचंही बूड गेलंय?"

अठरा दिवस आम्ही माती वाहिली. वन्सं झाडाखाली फतकल मारून बसायच्या आणि खुरप्यानं वरवरची माती ओंजळ ओंजळ काढायच्या, मूळ उघडं पडू न देता. सुलाबाई आली, मग बाकीच्याही आल्या. सुरुवातीला मला बोलणी खावी लागली, आणि ती रास्त होती. ज्यांची झाडं वाळली होती त्यांनी तोंडावर सुनावलं. मी ऐकत होते आणि घमेलं उचलत होते. पहिल्या सरी आल्या तेव्हा एकेचाळीस झाडांच्या मुळाशी खणलेले खड्डे त्या मातीनं भरलेले होते.

त्या वर्षी नऊ झाडं गेली. पुढल्या वर्षी आणखी दोन. बाकीची जगतील की नाही हे मॅडमनाही सांगता येईना. त्या दर दोन महिन्यांनी यायच्या, काठीनं मुळं वाचायच्या, मान हलवायच्या. हाक आहे म्हणायच्या, पण आलंय कुणी असं वाटत नाही. धागे एवढे बारीक की उकरून बघावं तर तुटतात. मला हे वाट बघणं जमत नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा दारातल्या एक नंबरपाशी जायचे आणि परत यायचे.

"तुझ्या खेपांनीच मरेल ते," वन्सं म्हणायच्या. चैत्रात त्या पहिल्या दिवशीच हजर असत.

सेहेचाळीसचा चैत्र. सकाळी अंगण झाडायला निघाले. एक नंबरच्या करपलेल्या बाजूला, पाचोळा थोडा उचलल्यासारखा दिसला. खराट्यानं हळूच बाजूला केला. खाली पिवळट टोक होतं, अंगठ्याच्या पेराएवढं.

चाळीस वर्षांची सवय. हात कुदळीकडं गेला, दांडा मुठीत आलासुद्धा. मग मला समजलं मी काय बघतेय ते. भुईकणीस आलंय, म्हणजे झाडानं हाक मारलीय आणि ती कुणाला तरी ऐकू गेलीय. मी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. शेळ्यांचा पाय पडू नये म्हणून चार दगड आणून त्याच्याभोवती मांडले.

ओट्यावरून वन्संनी विचारलं, "वाकून काय करतेयस? चहाचं आधण उतू गेलं."

"जाऊ दे. इकडं या. आलंय."

त्या काठी टेकत आल्या, वाकल्या, बघितलं. मग माझा खांदा दाबून म्हणाल्या, "बस आता."

मी बसले. ऊन अंगणात येईपर्यंत तिथंच बसून होते.